जेवलो नाही तरी शुगर वाढली कशी? – वाचकांचे प्रश्न

मार्च नुकताच संपलाय म्हणून असेल, पण या वेळी आलेले बरेचसे प्रश्न नोकरीचं टेन्शन आणि शुगर याच्यावरच होते. सारखे होते ते एकत्र केलेत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. एक आधीच सांगतो, इथलं वाचून आपल्या गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस परस्पर बदलू नका. तुमचे डॉक्टर तुमची फाईल बघून बोलतात, माझ्यासमोर फक्त तुमचं पत्र असतं.

प्रश्न : वय ५१, बँकेत ब्रँच मॅनेजर आहे, आठ वर्षं झाली शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड चालू आहे. क्लोजिंगच्या आठवड्यात रोज रात्री अकरा-साडेअकराला घरी यायचो, दिवसभरात सहा कटिंग चहा व्हायचे, जेवायची इच्छाच राहायची नाही, दोन दिवस तर नुसतं ताक पिऊन झोपलो आणि सकाळी फास्टिंग १७८! एरवी १२५-१३० असते. बायको म्हणते तिकडेच काहीतरी चरून येत असणार. पोटात अन्न नाही तर साखर आली कुठून? आणि परवा एचबीएवनसी ९.२ आली, तीपण या टेन्शनमुळेच ना?

आधी वहिनींचा संशय दूर करू. ही साखर बाहेरून आलेली नाही, तुमच्याच लिव्हरने सोडलीय. लिव्हर म्हणजे शरीराची साखरेची कोठी समजा, जेवणातली जास्तीची साखर तिथे साठवली जाते आणि रात्री उपाशीपोटी लागेल तशी थोडी थोडी बाहेर काढली जाते, हे सगळ्यांचंच चालू असतं. टेन्शन आलं की ॲड्रिनलीन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन ही हार्मोन्स त्या कोठीचं दार जरा जास्तच उघडतात, कारण शरीराचा हिशोब असा की संकट आलंय, आता अंगमेहनत करावी लागणार, ताकद हाताशी हवी. प्रत्यक्षात तुम्ही खुर्चीतच बसून एन्ट्र्या जुळवत असता, मग ती साखर वापरली जाणार कुठे? वर कॉर्टिसॉलमुळे इन्सुलिनचा असरही कमी होतो. ज्याला डायबेटिस नाही त्याचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून हे निभावून नेतं, तुमचं तेवढं नेऊ शकत नाही, एवढाच फरक.

यावर एक जुना मजेशीर पुरावा आहे. अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाचे शास्त्रज्ञ होते, भीती आणि रागाने शरीरात काय होतं याच्यावर त्यांचं काम. १९१३ च्या सीझनची शेवटची, सगळ्यात चुरशीची मॅच झाल्यावर हार्वर्डच्या २५ फुटबॉल खेळाडूंची लघवी तपासली गेली, त्यातल्या १२ जणांच्या लघवीत साखर सापडली. आता म्हणाल पळापळीने झालं असेल, तर त्या १२ मधले ५ जण राखीव खेळाडू होते, मैदानात उतरलेच नव्हते! बाकावर बसून नुसती मॅच बघत होते. ही सगळी धडधाकट तरुण पोरं, तुम्ही तर आठ वर्षांचे डायबेटिसवाले.

त्यातून कॉर्टिसॉल पहाटे आपोआपच वाढतं, म्हणून फास्टिंग ही पुष्कळांची हट्टी शुगर असते, आणि झोप पाच तासांवर आली की ती आणखी हट्टी होते. म्हणजे १७८ चं कोडं सुटलं.

९.२ मात्र क्लोजिंगच्या खात्यावर टाकू नका. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते, ९.२ म्हणजे साधारण २१७ ची सरासरी. शेवटच्या महिन्याचा वाटा त्यात जास्त असतो हे खरं, जवळजवळ निम्मा, पण एरवी १२५ फास्टिंग असलेल्या माणसाची एका आठवड्याच्या टेन्शनने ९.२ होत नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात जेवणानंतरच्या शुगरचा एकही आकडा नाही, माझा संशय तिथेच आहे. फास्टिंग बरी दिसते म्हणून पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, कुणी मोजत नाही आणि ती गुपचूप अडीचशेला जाऊन बसलेली असते, हे मी कायम बघतो.

तर एक करा, एक कामाचा दिवस धरा आणि एक रविवार धरा. दोन्ही दिवशी उठल्यावर, दुपारच्या डब्याआधी, डबा खायला घेतल्यापासून दोन तासांनी आणि झोपताना, अशी चार वेळा ग्लुकोमीटरवर शुगर बघा आणि शेजारी झोप किती झाली, चहा किती झाले, डबा किती वाजता उघडला ते लिहा. बोट धुऊन पुसून घ्या, आत्ताच द्राक्षं खाल्लेल्या बोटाने आकडा उगाच वाढलेला येतो. नाश्ता तोच असून कामाच्या दिवशी डब्याआधीची शुगर चढलेली आणि रविवारी बरी असेल तर टेन्शन-झोपेचा भाग मोठा आहे. दोन्ही दिवशी चढलेली असेल तर मग जेवणाकडे आणि औषधांकडे बघायला हवं, त्यात साहेबांचा दोष नाही. साधारण टार्गेट फास्टिंग ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, वय आणि बाकी आजार बघून डॉक्टर यात थोडं इकडेतिकडे करतात. आणि शुगर अचानक चढली की दाताचं दुखणं, लघवीची जळजळ, गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉईडचं इंजेक्शन हेही आठवून बघा, टेन्शनच्या नावाखाली हे सगळं सुटून जातं.

चहाचं तेवढं राहिलं. कटिंगला दीड चमचा साखर धरली तरी सहा वेळा म्हणजे नऊ चमचे, जवळपास ४० ग्रॅम. वहिनी अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. आणि ग्लिमेपिराईड घेऊन रात्री नुसत्या ताकावर झोपणं बंद करा, कारण पुढच्या प्रश्नात येईल.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, लांब पल्ल्याची बस चालवतो. शुगरची तीन औषधं एकात असलेली गोळी आहे (ग्लिमेपिराईड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज) आणि बीपीची मेटोप्रोलॉल. घाटात ट्रॅफिकमधे अडकलो की दरदरून घाम येतो, हात थरथरतात, पॅसेंजरवर चिडचिड होते. कंडक्टर म्हणतो टेन्शन घेऊ नको शुगर वाढेल. म्हणून मग त्या दिवशी दुपारचं जेवण टाळतो. बरोबर करतोय ना?

नाही दादा, उलटं करताय, आणि तुमच्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात म्हणून हे स्पष्टच लिहितो. घाम, थरथर, चिडचिड हे शुगर उतरल्याचं लक्षण असायची शक्यता जास्त आहे. गंमत अशी की शुगर उतरली की तिला वर आणायला शरीर तेच ॲड्रिनलीन सोडतं जे टेन्शनमधे सुटतं, त्यामुळे दोन्ही आतून अगदी सारखं वाटतं. नुसत्या अंदाजाने कुणालाच ओळखता येत नाही, मलाही नाही, मोजावंच लागतं. आणि ग्लिमेपिराईडचा स्वभाव असा की तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा, ती इन्सुलिन बाहेर काढत राहते. त्यावर जेवण टाळलं की घाट अजून अवघड.

७० च्या खाली आकडा म्हणजे हायपो. असं वाटलं की गाडी सुरक्षित बाजूला, चावी बंद, आधी शुगर बघा, बघायची सोय नसेल तर हायपोच धरून चाला आणि साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, म्हणजे ग्लुकोज पावडरचे सपाट तीनेक चमचे, पंधरा मिनिटांनी परत बघा, अजून खालीच असेल तर परत घ्या. इथे तुमच्या गोळीची एक मेख आहे. व्होग्लिबोज साध्या साखरेचं पोटात विघटन होऊ देत नाही पटकन, त्यामुळे साखर, पेढा, बिस्किट याने तुमची शुगर वेळेवर वर येणार नाही, ग्लुकोजच लागेल. मेडिकलमधे मिळणारा पुडा केबिनमधे ठेवा, कंडक्टरलाही दाखवून ठेवा. शुगर नॉर्मल आली तरी लगेच स्टिअरिंग धरू नका, ब्रिटनमधे ड्रायव्हरांना पाऊण तास थांबायला सांगतात, कारण आकडा सुधारला तरी डोकं ठिकाणावर यायला वेळ लागतो. पॅसेंजर बोंबलतील, बोंबलू देत.

मेटोप्रोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्यांनी हायपोतली धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र दबत नाही. म्हणून घामाला हलक्यात घेऊ नका.

आणि मोजल्यावर शुगर छान १२० आली पण घाम येतोय, धाप लागतेय, छातीत किंवा जबड्यात दडपण वाटतंय, तर ते टेन्शन म्हणून सोडू नका, थेट हॉस्पिटल गाठून ईसीजी काढा. डायबेटिसमधे हार्ट ॲटॅक फारसं न दुखताही येतो.

आपण ड्रायव्हर आहोत हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय का? सांगितलं नसेल तर याच आठवड्यात सांगा. हायपो क्वचितच होतो अशी दुसरी औषधं आहेत, तुमच्या कामाला कुठलं चालेल ते तेच ठरवतील.

प्रश्न : डॉक्टर काका, मी २६, टाइप १, आयटीमधे आहे, दंडावर सतत शुगर दाखवणारा सेन्सर लावते. क्लायंट डेमो असला की काही न खाता १३० ची २३० होते, बाण वरच. मी करेक्शन (शुगर उतरवायला जास्तीचं इन्सुलिन) घेते आणि डेमो संपल्यावर धाडकन ६० ला येते, एकदा तर प्रश्नोत्तरं चालू असताना शब्दच सुचेनात. माझ्या एका टाइप १ वाल्या मैत्रिणीची टेन्शनमधे उलट उतरते. मग खरं काय?

दोन्ही खरं गं. टाइप २ मधे टेन्शनने बहुतेक वेळा वाढते, टाइप १ मधे, जिथे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, मात्र माणसागणिक वेगळं, कुणाची चढते कुणाची उतरते. त्यामुळे मैत्रिणीचा नियम तुला लावू नकोस, स्वतःचाच ग्राफ बघ.

तुझं गणित वेळेचं चुकतंय. ॲड्रिनलीनची उसळी अल्पजीवी, डेमो संपला की ओसरते, आणि तू घेतलेलं रॅपिड इन्सुलिन मात्र एक-दोन तासांनी जोर धरतं आणि चारेक तास अंगात राहतं. उसळी गेली, इन्सुलिन उरलं, मग आपटणारच. तेव्हा डेमोआधीच्या २३० ला पूर्ण करेक्शन द्यायचं की निम्मं, की नुसतं थांबून बघायचं, हे मागच्या चार-पाच डेमोंचे ग्राफ घेऊन डॉक्टरांसोबत बसून ठरव, डेमोच्या दहा मिनिटं आधी घाबरून नको. सेन्सर रक्तातली नाही तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, पाच ते पंधरा मिनिटं मागे चालतो, बाण तिरका पळत असताना बोट टोचून खात्री करून घे. आणि दोन-तीन तास झाले तरी २५० च्या वरच आहे, मळमळतंय, तर त्याला टेन्शन म्हणू नकोस, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपास आणि इन्सुलिन खराब झालंय का, डोस चुकलाय का ते बघ. टीममधल्या एकाला तरी सांगून ठेव, म्हणजे शब्द सुचेनासे झाले की तो डेमो पुढे नेईल आणि तू ग्लुकोज घेशील.

प्रश्न : एमआयडीसीत कंपनीत आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात शुगर हमखास बिघडते, जेवण घरचंच असतं. नाईट करून सकाळी सातला लॅबमधे फास्टिंग देतो ती २०० च्या वर येते. लॅबवाला म्हणतो पथ्य पाळा.

रात्री दोनला कॅन्टीनमधे डबा खाल्ला असेल तर सातचं रक्त फास्टिंग नव्हेच. फास्टिंग म्हणजे सकाळ नाही, फास्टिंग म्हणजे किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नाही. तुमच्यासारख्यांनी ती दिवसा झोपून उठल्यावर, आठ तास भरल्यावर द्यावी, आणि सगळं त्या एका आकड्यावर न तोलता तीन महिन्यांनी एचबीएवनसी करावी.

बाकी बिघडते हे खरंच आहे. शरीराचं आतलं घड्याळ पाळीप्रमाणे आठवड्याला बदलत नाही, रात्री मेलॅटोनिन हे झोपेचं हार्मोन चढलेलं असतं तेव्हा इन्सुलिन कमी सुटतं, म्हणून तीच भाकरी-भाजी दुपारी एकला एक आकडा देते आणि रात्री दोनला दुसरा, जास्तीचा. त्यात दिवसाची झोप, बाहेर रिक्षा, घरात कुकरच्या शिट्ट्या. शिकागोत १९९९ मधे ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर तेवढ्यानेच त्यांचं शरीर साखर हाताळायला चांगलंच मंद झालं. तुम्ही वर्षानुवर्षं हे करताय.

मोठं जेवण पाळीला जायच्या आधी घरून करून जा, मधे हलकं काहीतरी, उसळ, अंडं, ताक, मूठभर शेंगदाणे, आणि पहाटेच्या चहासोबतचे ते क्रीम बिस्किट सोडा. गोळ्या घड्याळाला नाही तर जेवणाला आणि झोपेला बांधलेल्या असाव्यात, पण कुठली गोळी कुठे सरकवायची हे डॉक्टरांकडून तिन्ही पाळ्यांचं वेगवेगळं लिहून घ्या, एकाच कागदावर. बऱ्याच डॉक्टरांना पेशंट पाळीत आहे हे माहीतच नसतं, कारण ओपीडीला तो सकाळीच आलेला असतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. शाळा, ऑनलाईन माहिती भरणं, सर्वेक्षणं, वर घरचं. शुगर जास्त आली की दिवसभर तोच विचार, मुलांवर ओरडते. घरी सगळे म्हणतात गोड खाल्लं असशील. आता तर मी मीटरच कपाटात ठेवून दिलाय, बघायचंच नको.

ताई, याला आमच्याकडे डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात, आजार सांभाळून सांभाळून आलेला थकवा आणि वैताग. हा तुमचा आळस नाही आणि दर वेळी डिप्रेशनही नसतं, पण झोप उडाली, कशातच मन लागेना, रडू येत राहिलं असं दोन आठवडे चाललं तर तेही डॉक्टरांना नक्की सांगा.

मीटर रोज नको असेल तर रोज नका बघू. नुसत्या गोळ्यांवर असाल आणि हायपो होत नसेल तर आठवड्यात दोन ठरलेले दिवस पुष्कळ झाले, इन्सुलिनवर असाल तर मात्र ही सवलत नाही. आकडा आला की त्याच्यापुढे कारण लिहायचं, पेपर तपासत बारा वाजले, डबा अडीचला खाल्ला, असं. घरच्यांना हे पान वाचायला द्या, विशेषतः ते मॅनेजर साहेबांचं उत्तर, उपाशीपोटीसुद्धा शुगर वाढते हे छापील दिसलं की टोमणे जरा कमी होतात असा माझा अनुभव आहे. आणि मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की वर्गात वह्या घेऊन बसण्यापेक्षा दहा मिनिटं मैदानाला चक्कर मारा, जेवणानंतरच्या शुगरवर याचा परिणाम मीटरवर दिसतो, आणि चांगला आकडा बघायला मिळाला की मीटर कपाटातून बाहेर येतो.

प्रश्न : प्राणायाम, मेडिटेशनने शुगर खरंच उतरते का? आणि टेन्शनसाठी अश्वगंधा चालू केलं तर गोळी बंद करता येईल का?

उतरते, पण किती ते ऐका. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात टाइप २ च्या पेशंटना अंग सैल सोडणं, श्वास, टेन्शन ओळखणं असं थोड्या सेशनमधे शिकवलं होतं, २००२ मधे ते प्रसिद्ध झालं, वर्षाने त्यांची एचबीएवनसी सरासरी अर्ध्या टक्क्याने कमी निघाली. अर्धा टक्का लहान वाटेल पण काही गोळ्यांचा फायदाही साधारण तेवढाच असतो, आणि हे फुकट आहे. म्हणजे ८ ची साडेसात होईल, १० ची ६ होणार नाही. ऑफिसला निघायच्या घाईत अर्धा तास जमत नाही म्हणून सोडून देण्यापेक्षा डबा उघडायच्या आधी पाच मिनिटं सावकाश श्वास घ्या, तेवढं टिकतं.

अश्वगंधा शुगर थोडी उतरवू शकतं, म्हणजे तुमच्या गोळीसोबत हायपोची शक्यता वाढली, थायरॉईडच्या औषधात गडबड होऊ शकते आणि लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेसही नोंदल्या गेल्यात. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना पुडा दाखवून घ्या. आणि गोळी बंद करायचं तोपर्यंत बोलू नका जोपर्यंत दोन एचबीएवनसी लागोपाठ चांगल्या येत नाहीत, त्यानंतरही ती कमी करायची की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील.